पिक्चरलाच गेली होती



मागच्या वेळी मी इथं बसून अंतर्गत कर्जाच्या थकलेल्या हप्त्यांवर बोलले होते. त्यामुळं आज माझा आवाज ऐकून काहीजणींनी रेडिओ बारीक केला असेल, तर तो परत मोठा करा. आज हप्त्याचा विषय नाही. आज पिक्चरचा विषय आहे. मला पिक्चर फार आवडतात. बचत गटाच्या कामानं गावोगाव फिरते, पण तालुक्याला किंवा साताऱ्याला मीटिंग असली आणि ती लवकर संपली, तर माझे पाय कुठं वळतात हे माझ्या घरच्यांना पाठ आहे. तरुण मुलामुलींसाठी म्हणून जे पिक्चर गेल्या काही वर्षांत आले, त्यातले बरेच मी बघितलेत. पण आज बोलायचं कारण तेवढंच नाही. कारण ऑगस्टमधल्या एका बैठकीत घडलेली गोष्ट आहे. ज्या ताईंची गोष्ट आहे त्यांना विचारून सांगतेय. नाव सांगणार नाही, गावही नाही.

बैठक चालू होती. बचत गोळा झाली, इतिवृत्त लिहायला घेतलं, कर्जाच्या मागण्या आल्या. एकीला शेळ्या घ्यायच्या होत्या, एकीला शिलाई मशीन. मग या ताई म्हणाल्या, मला 40 हजार पाहिजेत. कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून सचिवानं विचारलं, तर म्हणाल्या, घरगुती लिही. 40 हजार ही आमच्या गटात मोठी रक्कम. मी म्हटलं, घरगुती म्हणजे काय ते तरी सांगा. तेव्हा त्या खाली बघत म्हणाल्या, "मॅडम, पोरगीचं उरकून टाकायचंय. हातची जायच्या आधी."

मुलगी 17 वर्षांची. बारावीला. अभ्यासात बरी. झालं काय होतं, तर कॉलेजला जाते म्हणून सांगून चौघी मैत्रिणी साताऱ्याला 'सैयारा' बघायला गेल्या. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं जाण्यायेण्याला फार पैसे लागले नाहीत. पिक्चरचं तिकीट चौघींनी वाचवून ठेवलेल्या पैशातून काढलं. थेटरातून बाहेर आल्या त्या डोळे सुजवून. स्टँडवर गावातल्या कुणीतरी बघितलं. गावात पोचेपर्यंत गोष्टीला पाय फुटले, आणि घरी येईपर्यंत त्या चार मुलींच्या जोडीला दोन मुलंही आली होती. मुलं खरंच होती की नव्हती हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही. वडिलांनी मोबाइल काढून घेतला. रात्री मुलगी जेवली नाही, उशीत तोंड खुपसून रडत बसली. आईनं अर्थ काढला की पोरगी कुणाच्या तरी नादी लागली. पाहुण्यांत स्थळ बघून ठेवलेलंच होतं.

'सैयारा'विषयी तुम्ही ऐकलं असेल. मोहित सुरी यांचा हा हिंदी पिक्चर 18 जुलैला लागला. अहान पांडे आणि अनीत पड्डा, दोघंही पडद्यावर जवळपास नवीन. पोरं थेटरात रडताहेत, कुणी शर्ट काढून नाचतंय, असे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. आमच्या ताईंनीही पिक्चर बघितला नव्हता, व्हिडिओ बघितले होते. आणि त्यांच्या डोक्यात पिक्चर म्हणजे तेच व्हिडिओ.

त्या दिवशी बैठकीत दोन तट पडले. हे मी लपवत नाही. अर्ध्या बायका म्हणाल्या, बरोबर आहे, पोरींची जात, उद्या काही झालं तर गाव आपल्यालाच बोलणार. मी कायदा सांगितला. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा आहे, मुलीचं 18 आणि मुलाचं 21 पूर्ण पाहिजे, लग्न लावणारे सगळे त्यात येतात. एक मावशी म्हणाल्या, "कायदा तुमच्या वहीत ऱ्हाऊ द्या, आम्हाला गावात ऱ्हायचंय." मग मी वहीचंच बोलले. म्हटलं, हा पैसा तुम्हा बाराजणींचा आहे, माझा नाही, मी कोण नाही म्हणणारी? पण कर्जाचं कारण खरं लिहायचं हा आपला नियम आहे. तेव्हा इतिवृत्तात स्पष्ट लिहा, 17 वर्षांच्या मुलीच्या लग्नासाठी, आणि खाली बाराजणी सह्या करा. सही करायला कुणी पुढं आलं नाही. मागणी पुढच्या बैठकीवर गेली. ताई तोंड फिरवून निघून गेल्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण माझ्या बाबतीतही असंच होता होता राहिलं होतं, आणि तेही एका पिक्चरपायी.

2003 सालची गोष्ट. मी नववीत होते. 'तेरे नाम' लागला होता. तुमच्यातल्या माझ्या वयाच्या बायकांना आठवत असेल, मधोमध भांग आणि दोन्हीकडं लोंबणारे केस. त्या वर्षी गावोगावची पोरं तशीच दिसायला लागली होती. न्हाव्याकडं फोटो चिकटवलेला असायचा. त्या पिक्चरमधला हिरो मुलीच्या मागं लागतो, ती नको म्हणते, तो तिला जबरदस्तीनं उचलून नेतो, आणि त्यानंतर ती त्याच्यावर प्रेम करायला लागते. आमच्या एसटी स्टँडवर असाच एक केसवाला रोज उभा राहायचा. माझ्या गाडीत चढायचा, मागच्या सीटवर बसून तीच गाणी म्हणायचा. मी काही केलं नव्हतं. पण शिक्षा मलाच होणार होती. घरात बोलणं सुरू झालं, नववी पुरे, आता घरी बसव. माझी आत्या मध्ये पडली. महिनाभर ती रोज माझ्याबरोबर एसटीनं शाळेत आली आणि दिवसभर शाळेच्या पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी परत. एक दिवस तिनं त्या मुलाला त्याच्या आईच्या नावानं हाक मारली, एवढंच. त्यानंतर तो दुसऱ्या गाडीनं जायला लागला. मी पुढं शिकले, बी.ए. झाले, आणि आज इथं बसून बोलतेय ते त्या आत्यामुळं.

म्हणून कुणी मला म्हणालं की पिक्चरचा परिणाम होत नाही, तर मी ते मानत नाही. होतो. मी भोगलाय. पण परिणाम कुणावर झाला आणि घरी कुणाला बसवलं, एवढं बघा म्हणजे झालं.

आणि 'सैराट'च्या वेळी हेच परत दिसलं. 29 एप्रिल 2016 ला तो लागला. आपल्या रहिमतपूरला तर एवढी गर्दी की रात्री बाराला आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागले होते. ट्रॅक्टर भरभरून लोक गेले. मराठी पिक्चरनं शंभर कोटींच्या वर कमाई केली. आणि त्यानंतर वर्षभर मी ज्या ज्या गावात बैठकीला जाई तिथं एकच वाक्य ऐकू यायचं, या सैराटनं पोरी बिघडवल्या. काहींनी खरोखर मुलींची कॉलेजं बंद केली. मला तेव्हाही एक कोडं पडलं होतं, अजून सुटलं नाही. त्या पिक्चरमध्ये आर्ची आणि परशा पळून जातात, हैदराबादला कुठल्या तरी वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहतात, ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला जाते, तो डोशाच्या गाडीवर राबतो, भांडतात, परत एकत्र येतात, पैसे साठवतात, मूल होतं. कष्ट करून उभा केलेला संसार असतो तो. आणि शेवटी खून कोण करतं? तिचा भाऊ आणि त्याच्याबरोबर आलेली तिच्या माहेरची माणसं. आणि आमच्याकडं त्यावरून चर्चा काय, तर पोरी बिघडतील. हा पिक्चर बघून भाऊ बिघडतील, अशी काळजी एकाही आईनं माझ्याकडं बोलून दाखवली नाही. 'झिंगाट' सगळ्यांना पाठ आहे, आजही प्रत्येक वरातीत वाजतं. शेवटचं ते बाळाचं पाऊल मात्र कुणी आठवत नाही.

बरं, मी काही सगळ्याच पिक्चरची बाजू घेत नाही. 2017 पासून 'बॉइज' नावाचे चार भाग आले. कॉलेजच्या पोरांना भारी आवडले. मी पहिला बघितला. पोरं शाळेच्या हॉस्टेलात राहतात, मस्ती करतात, यात काही वाईट नाही, आणि त्यातली पोरं कामही छान करतात. पण दर दोन मिनिटाला दोन अर्थांचं वाक्य, आणि त्यातला दुसरा अर्थ कायम बाईच्या अंगाशी येऊन थांबणारा. माझ्या शेजारी दहावीतली पोरं बसली होती, ती हसत होती आणि माझ्याकडं बघून गप्प होत होती. मला त्यांची दया आली. त्यांना प्रश्न पडलेले असतात, उत्तर कुणी देत नाही, मग हेच चघळत बसायचं. याच वयावर रवी जाधव यांनी 2013 मध्ये 'बालक-पालक' केला होता. चाळीतली एक मोठी मुलगी अचानक निघून जाते, मोठी माणसं कुजबुजतात, आणि चार पोरं त्या कुजबुजीचा अर्थ शोधत सुटतात. व्हीसीआर भाड्यानं आणतात, नको ते बघतात, आणि मग एकमेकांकडं पहिल्यासारखं बघता येत नाही. विषय तोच, गंमतही आहे, पण लाज कशाची वाटायला पाहिजे आणि कशाची नाही, हे त्या पिक्चरला कळलेलं आहे.

'आत्मपॅम्फ्लेट' फार कमी बायकांनी बघितला असेल. ऑक्टोबर 2023 मध्ये आला आणि गेलाही. शाळेतला एक मुलगा वर्गातल्या एका मुलीवर मनातल्या मनात प्रेम करत मोठा होतो, बोलत काहीच नाही. त्याच्या आजूबाजूला जात, धर्म, दंगली सगळं चाललेलं असतं आणि हा बिचारा आपला तिच्या बाकाकडं बघतोय. हसून हसून पोट दुखतं, आणि मध्येच जातीचं असं काही येतं की घास अडकतो. दिग्दर्शक आशिष बेंडे यांना पहिल्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. माझी एवढीच तक्रार की ती मुलगी शेवटपर्यंत लांबूनच दिसते. तिच्या मनात काय होतं ते आपल्याला तिच्या तोंडून फारसं कळत नाही. पण तो तिच्या एसटीत चढत नाही हो! हे माझ्यासाठी मोठं आहे.

तर परत त्या ताईंकडं येते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि म्हटलं, ज्या पिक्चरपायी तुम्ही लेकीचं लग्न लावताय, तो आपण दोघी एकदा बघू. तिकीट मी काढते. आधी नाहीच म्हणाल्या. त्यांच्या घरी सासूबाई आहेत, 78 वर्षांच्या, गेली तीन वर्षं विसरण्याचा आजार आहे. एकटं सोडता येत नाही. रात्री उठून दार उघडून चालायला लागतात, लग्नाच्या आधीच्या घरी जायचंय म्हणतात. मी म्हटलं, त्यांच्यापाशी लेकीला बसवा, नाहीतरी कॉलेज बंदच केलंय तुम्ही. ही शेवटची ओळ मी रागानं बोलले, बोलायला नको होती. पण त्या आल्या.

दुपारचा खेळ. 180 रुपये तिकीट, एवढ्या पैशांत आमच्या गटाची एका बाईची जवळजवळ महिन्याची बचत होते. ताई त्याआधी थेटरात कधी गेल्या होत्या म्हणून विचारलं तर म्हणाल्या, लग्नाच्या आधी, तेही पुसेगावच्या यात्रेत तंबूत.

पुसेगावचा तंबू म्हटल्यावर मीही थोडी पाघळले. श्री सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलबाजार, पाळणे आणि टुरिंग टॉकीजचे तंबू, हे सगळं बघतच आम्ही मोठ्या झालो. मधे दोरी, एका बाजूला बायका, एका बाजूला पुरुष, खाली माती, अंगावर घोंगडी. मी आईच्या मांडीवर बसून तिथं 'माहेरची साडी' बघितला. 1991 चा पिक्चर, पण त्यानंतर कितीतरी वर्षं यात्रांमधून तो चालत होता. तंबूतल्या सगळ्या बायका हुंदके देऊन रडत होत्या. माझ्या आईचा पदर ओला झालेला. घरी येताना बैलगाडीत कुणी एक शब्द बोललं नाही. पण कुणाच्या नवऱ्याला असं वाटलं नाही की बायको एवढी रडली म्हणजे हातची गेली. उलट चांगल्या वळणाचा पिक्चर म्हणून पुढच्या वर्षी परत घेऊन गेले. आता मागं वळून बघितलं की वाटतं, त्या पिक्चरनं आमच्या आयांना सासरचा छळ मुकाट सोसायला शिकवलं. हा काय लहान परिणाम झाला? पण त्याची कुणी तक्रार केली नाही.

हे मी ताईंना एसटीत सांगत होते. त्या नुसत्या हूं हूं करत होत्या.

पिक्चर सुरू झाला. आता मी तुम्हाला माझं खरं मत सांगते. 'सैयारा' मला निम्मा आवडला. हिरो क्रिश गाणारा आहे, बाप दारुडा, डोक्यात कायम राग. सुरुवातीलाच पेपरच्या ऑफिसात घुसून एकाला मारतो. ताई माझ्या कानात म्हणाल्या, "असला जावई नको बया." मीही मान डोलावली. हिंदी पिक्चरला अजून वाटतं की राग आला की माणूस खोल असतो. पण वाणी नावाची मुलगी चांगली लिहिलीय. तिचं लग्न ठरलेलं असतं, कोर्टात सह्या करायच्या दिवशीच तो मुलगा तिला सोडून जातो. ती मोडते, लिहायचं बंद करते. मग या क्रिशला तिनं वहीत लिहिलेलं आवडतं, तो त्याची गाणी करतो. आमच्या किती मुलींच्या वह्या गादीखाली असतात, आणि त्या कुणी वाचाव्यात असं त्यांना आतून वाटत असतं, हे मला माहीत आहे. माझीही होती.

पुढं तिला विसरण्याचा आजार होतो. अल्झायमर. आणि इथं मला पिक्चर पटेनासा झाला. एवढ्या कोवळ्या वयात हा आजार अगदी क्वचित होतो, बहुतेक करून पासष्टीच्या पुढं दिसतो. बरं, पिक्चर म्हणून तेही सोडून देऊ. पण पडद्यावर तो आजार किती देखणा! केस नीट, कपडे स्वच्छ, डोळ्यांत एकच थेंब. ती कुणालाही न सांगता निघून जाते, तो मोठा गायक होतो, आणि शेवटी तिला शोधून काढतो, डोंगरात, थंड हवेत. मी ताईंकडं बघितलं. त्या पडद्याकडं टक लावून बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "हिला आंघोळ कोण घालतं ओ?"

अख्ख्या पिक्चरवर याच्याइतकी खरी टीका मी कुठं ऐकली नाही. तीन वर्षं त्या सासूबाईंना आंघोळ घालताहेत. कपडे खराब होतात ते धुताहेत. सासूबाई कधी कधी अंगावर धावून येतात, चोर म्हणतात. पडद्यावरच्या प्रेमात हे काही नव्हतं.

पण मध्यंतरानंतर एक ठिकाण येतं, जिथं ती त्याला ओळखत नाही. तो समोर उभा आणि तिच्या डोळ्यांत काही नाही. तिथं माझ्या शेजारून आवाज आला. ताई पदर तोंडात घालून रडत होत्या. बाहेर आल्यावर चहा घेतला, तेव्हाही डोळे लाल. मी मुद्दाम काही बोलले नाही. स्टँडवर आमच्या गावाकडचे दोघं-तिघं उभे होते. ताईंनी पदर सारखा केला आणि त्यांच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "आता ह्यांनी काय सांगायचं गावात? मी कुणाच्या नादी लागले?" आणि आम्ही दोघी एवढ्या हसलो की कंडक्टर बघायला लागला.

घरी पोचलो तेव्हा मुलगी आजीला खिचडी भरवत होती. आजी तिला सखू म्हणत होती. सखू म्हणजे कोण ते घरात कुणालाच नक्की माहीत नाही, आजीची लहानपणी गेलेली बहीण असावी. आईनं लेकीला सरळच विचारलं, तू त्या दिवशी एवढी का रडलीस? मुलगी घाबरली, गप्प राहिली. मी बाहेर जायला उठले तर तिनंच माझा हात धरला. म्हणाली, "ती त्याला ओळखत नाही ना काकू, तेव्हा मला आजी आठवली. आजीनं मला वाढवलंय. आता मला ती माझ्या नावानं हाकच मारत नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि हिरो पण छान आहे." म्हटलं, ते आम्हीही बघितलं.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की झालं, माय-लेकी गळ्यात पडल्या. तसं काही झालं नाही. वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. बायकोला पिक्चरला नेलं म्हणून गावात माझ्या नावानं वेगळीच चर्चा. ताई पुढच्या दोन बैठकांना आल्याच नाहीत, बचत शेजारणीच्या हाती पाठवली. तिसऱ्या बैठकीला आल्या आणि कर्जाची मागणी मागं घेते म्हणाल्या. त्या दिवशी गटानं ठराव केला की 18 च्या आतल्या मुलीच्या लग्नासाठी कर्ज द्यायचं नाही. ठरावाला दोघींनी सही केली नाही, तेही इतिवृत्तात आहे. मुलगी कॉलेजला जाते. मोबाइल अजून आईपाशीच असतो. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आहे. पाहुण्यांकडून अजून निरोप येतात. मार्चनंतर काय होईल ते आज मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्यापैकी कुणाला कुठं असं लग्न ठरतंय असं कळलं, तर 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत. तो तेवढा लिहून ठेवा.

आता काय बघावं म्हणून मला बायका विचारतात, तेही सांगते. लहान पोरं असतील तर 'नाळ 2' दाखवा. चैत्या आपल्या जन्म देणाऱ्या आईच्या गावी येतो आणि छोट्या बहिणीनं आपल्याला भाऊ म्हणावं म्हणून धडपडतो, आणि ती चिमी काही त्याला जवळ करत नाही. चिमीचं काम करणारी त्रिशा ठोसर आठवते का? सप्टेंबरमध्ये छोटीशी साडी नेसून राष्ट्रपतींच्या हातून राष्ट्रीय पुरस्कार घेतला ती. माझ्या मुलानं तो पिक्चर बघून बहिणीला दोन दिवस मारलं नाही. तिसऱ्या दिवशी मारलं.

आणि मोठ्या मुलींबरोबर बसून 'लापता लेडीज' बघा. किरण राव यांचा, मार्च 2024 मध्ये आलेला. दोन नव्या नवऱ्या घुंघटामुळं रेल्वेत बदलतात. एकीला सासरच्या गावाचं नावही सांगता येत नाही. ती स्टेशनवर चहावाल्या मंजूमाईकडं राहते, तिथं कलाकंद करून विकते आणि आयुष्यातली पहिली कमाई हातात घेते. मंजूमाई म्हणजे आपल्या छाया कदम. दुसरीला सेंद्रिय शेती शिकायची असते, म्हणून ती दागिने विकून फीचे पैसे पाठवते. आम्ही आठजणींनी तो एकीच्या घरी टीव्हीवर बघितला. त्यात सासू म्हणते की स्वतःला खायला काय आवडतं हे मी विसरूनच गेले. ते ऐकल्यावर कुणीतरी टीव्ही थांबवला, आणि अर्धा तास आम्ही एकमेकींना विचारत बसलो, तुला काय आवडतं गं? तिघींना सांगता आलं नाही. एकीनं शेवटी विचार करून सांगितलं, गरम भाकरी, दुसऱ्यानं थापलेली.

त्या दिवसापासून आमचा नेम पडलाय. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी बैठक उरकली की एक पिक्चर. आया आणि मुली, दोघींनी यायचं, एकटीनं नाही. येत्या शनिवारी 'बालक-पालक' ठरलाय. त्यावरून वाद झाला, एक मावशी म्हणाल्या पोरींदेखत असलं काय बघायचं, पण येते मात्र म्हणाल्यात. सतरंजी आणि पाण्याची बाटली आपापली आणा. शेंगा मी आणते. त्या ताई लेकीला घेऊन येणार आहेत, आणि सासूबाईंनाही, कारण घरी कुणापाशी ठेवायचं हा प्रश्न आहे. खोलीत खुर्ची एकच आहे, ती त्यांच्यासाठी ठेवा. त्या तुम्हाला सखू म्हणाल्या तर ओ द्या.